वाजवून घेतलेला प्रेस

दस्तगीर शिकलगारनं त्याला बोटाच्या पेरानं वाजवलं,
माठ घेताना आई वाजवायची तसं,
कान लावला, म्हणाला,
"ताई, ह्यो गातोय. त्यो दुसरा नुसता बोलतोय."

दुसरा निळा होता, चकचकीत,
दांडा एकदा ओढला की चार कामं एका दमात,
तासाला चारशे काडतुसं.
विकणारा पुण्याचा, आकडे तोंडपाठ.
हा म्हणजे ओतीव लोखंडाचा एक मोठा ठोकळा,
इचलकरंजीच्या कुणा डॉक्टरांच्या माळ्यावर निजलेला,
हिरवा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेला.
एका वेळी एक पुंगळी. एका वेळी एकच काम.

मी विचारलं, का पण?
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा राहिलेला माणूस हसला:
"चार कामाला चार डोळं लागत्यात.
तुमच्याकडं दोन. त्यातला एक नेम धरताना मिटलेला."

त्याचा पणजा तलवारींना पाणी द्यायचा.
यानं माझ्या प्रेसच्या रॅममधली अर्ध्या सुताची ढिलाई काढली,
पैसे घेतले नाहीत,
दोन चहा घेतले.

परवाना कपाटात, दारू कुलपात,
सागवानी फळी भिंतीला चार बोल्टांनी आवळलेली.
वजनकाटा गुजरीतला, सोनाराचा.
तो म्हणाला, काय तोलणार, ताई?
मी म्हटलं, मसाला.
अगदीच खोटं नव्हतं.

दुधाळीच्या रेंजवरून रविवारी वेचून आणलेल्या पुंगळ्या
रिठ्याच्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळत घालते,
चिवटेकाकूंच्या सांडग्यांच्या शेजारी.
काकूंना अजून वाटतं, ही देवाची उपकरणी.
"केवढे गं देव तुझ्याकडे," म्हणतात.

बँकेतून आले की हात धुऊन बसते.
दांडा खाली. पितळ जरा कुरकुरतं, मग ऐकतं.
दांडा वर.
फुगलेलं पितळ पुन्हा मापात येतं,
गोळी झाडल्याचं अंगावर काही ठेवत नाही.
नवी टोपी बसते तेव्हा तळव्याला कळतं, कानाला नाही.
रेडिओ बंद. पंखा बंद,
काट्याला वारा चालत नाही.

परवा मंगळवारी
तिसाव्या की एकतिसाव्याला फोन वाजला.
फोन बाहेर ठेवायचा असतो, माहीत होतं.
भाऊ, गडहिंग्लजहून.
आईनं आज त्याला विचारलं,
"तू कुणाचा रे?"

परत येऊन बसले, हात आपोआप चालू झाला,
पाच-सहा बंदही केल्या,
आणि मग दांडा मध्येच थांबला.
मघाची ती भरली होती?
की रिकामीच झाकली?
की दोनदा भरली?
ट्रेमधल्या सगळ्या सारख्या, गप्प,
शाळेत बाईंनी "कुणी केलं?" विचारल्यावर
मुलं बसतात तशा.

काट्यावर घालून पाहिल्या.
पितळात पितळाचा फरक, काटा काही बोलेना.
मग हातोडा काढला.
एकेक काडतूस त्यात घालायचं, लाकडावर आपटायचं,
गोळी वेगळी, दारू वेगळी, पुंगळी वेगळी.
एका वेळी एक. रात्री पावणेदोनपर्यंत.
खालून काकूंनी विचारलं, नारळ फोडतेस का गं?

सगळ्या बरोबर होत्या.
एकही चुकलेली नव्हती.

दस्तगीरला सांगितलं. तो "हां" म्हणाला,
आणि मशीन पुन्हा चालू केलं.

रविवारी रेंजवर गेले नाही, गडहिंग्लजला गेले.
आईनं माझ्याकडं पाहिलं,
पाहुण्या बाईकडं पाहावं तसं, आदबीनं,
बसा म्हणाली.
पर्समधून रुमाल काढताना एक रिकामी पुंगळी
घरंगळत तिच्या पायाशी गेली.

तिनं ती उचलली, दोन बोटांत धरली,
नखानं वाजवली,
कानाशी नेली,
बराच वेळ.
"चांगली आहे," म्हणाली,
"घे."