पान चौदा

हॅलिफॅक्स. गालिच्यांच्या जुन्या गिरणीचा चौथा मजला,
आता इथे गहाणखतांचे हिशेब राहतात.
शनिवारी रात्री अकरा ते पहाटे पाच,
एवढीच खिडकी दिलीय मला कामाला.
खऱ्या खिडकीला पडदा नाही. खाली दरीत पिवळे दिवे,
एक टॅक्सी चढ घेताना कण्हते.

इन्स्टॉलर वरमाईच्या तोऱ्यात आला.
स्वॅप किती? सोळा जीबी. बरं.
टेम्पमध्ये जागा? आहे.
कर्नल? चालेल.
कॉर्न शेल आहे का घरात?
होता, कोणी न वापरणारा,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखा.
उघड्या फायलींची मर्यादा वाढवा म्हणाला, वाढवली.
मग त्याने पान चौदा काढलं:
सी प्लस प्लसची लायब्ररी, आवृत्ती पाच, बत्तीस बिटांची,
आणि कंपायलर आमच्याच पिढीचा.

माझ्याकडे त्याहून नवा आहे, मी कीबोर्डला म्हटलं,
वेगवान, गुणी, बारा वर्षं पुढचा.
नको.
जुनं ते सोनं वगैरे काही नव्हतं त्याच्या मनात.
जुनं ते जुळतं, एवढंच.

एक वाजता मी करू नये ते केलं:
नव्या फायलीला जुन्या नावाची सॉफ्ट लिंक.
तपासणी पास. सगळीकडे हिरव्या खुणा.
एक चाळीसला लिंकर बसला सांधे जोडायला
आणि एकेक नाव घेऊन विचारत सुटला,
हे कुठाय, हे कुठाय,
तीनशे बारा वेळा.

फोनच्या यादीत सगळ्यात खाली: क्लिफर्ड हेग, निवृत्त.
पुढे कंसात, फक्त आग लागल्यास.
आग नव्हती. मी लावला.

दुसऱ्या रिंगला उचलला.
मॉरीनला दर तीन तासांनी औषध द्यावं लागतं, म्हणाला, बोल.
मी एरर वाचायला घेतली, पहिल्याच ओळीवर त्याने थांबवलं.
'नवा कंपायलर नावं वेगळी चुरगाळतो, पोरी.
माणसं तीच, पाट्या बदललेल्या.'
(मी बावन्न वर्षांची आहे. यॉर्कशरमध्ये चालतं.)
लग्नानंतरच्या माझ्या बँक खात्यासारखं, मी म्हटलं.
हसला नाही. मागे कोणीतरी खोकलं,
तो फोन ठेवून गेला, आला.
'लोखंडी कपाट. खालचा कप्पा. बिस्किटांचा डबा.'

बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा निघतो
हा माझा आयुष्यभराचा अनुभव.
यात सहा सीडी निघाल्या, एक फ्यूज, आणि वही.
वहीत मोठ्या अक्षरात: कंपायलर बदलू नका.
गंमत करत नाहीये. सी. एच.
खाली, चार वर्षांनंतरच्या तारखेला, त्याच अक्षरात:
सांगितलं होतं.

सीडी वाचेल असं यंत्र अख्ख्या मजल्यावर एकच,
रिसेप्शनवरचा म्हातारा लॅपटॉप. त्याचा पंखा ओरडत राहिला,
मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी.
जुना कंपायलर नव्याच्या शेजारी मांडला,
वेगळा फोल्डर, वेगळी चूल,
पाथमध्ये आधी त्याचं नाव, आजच्या रात्रीपुरतं.

चार वीसला लिंकर पुन्हा बसला.
यावेळी काही विचारलं नाही.
मला उगाच वाटलं, काहीतरी चुकलंय,
म्हणून लॉग वरपासून वाचला, दोनदा.
सर्व्हिस उठली. पोर्टवर कान लावून बसली.

झालं, असा मेसेज पाठवला. तो पाचच्या औषधासाठी
जागा असणार होताच. उत्तर आलं:
डबा जागेवर ठेव.
मग मिनिटभराने, आणखी एक:
वहीत तुझा नंबर लिही.

डब्यातलं पेन वाळलेलं होतं.
पेन्सिलीने लिहिला, त्याच्या खाली,
देशाच्या कोडसकट. मग कोड खोडला.