सबस्टेशनवरून, सिकंदर तडवीसाठी

तू विचारलंस, म्याडम, रात्रभर कानात काय असतं?
भजन नाही. बातम्या नाहीत.
नवऱ्याचा फोनही नाही, तो दहालाच झोपतो.

इलेक्ट्रॉनिक म्हटलं की तुला वरातीतला डीजे आठवेल,
फैजपूर रोडवरून गेला की आपल्या केबिनच्या काचा थरथरतात, तो.
हे ते नव्हे. ह्याच्यावर कोणी नाचत नाही.
नाचलंच, तर त्याला सावलीत बसवून पाणी द्यावं लागेल.

सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून कर.
कुंपणाच्या अलीकडे उभा राहा.
तो जो सेकंदाला शंभरदा गुणगुणतो
तो तुझ्या कानावर दोन वर्षं पडतोय,
आणि तू एकदाही ऐकलेला नाहीस.
दहा मिनिटं थांब. पंपांचा लोड आला की त्याचा गळा भरतो.
तेवढं कळलं तर पहिला अल्बम देते.

पहिला एका म्हाताऱ्या बाईचा, कुठल्याशा बर्फाच्या देशातली.
एकच सूर, पंचावन्न मिनिटं.
सावद्याची माझी मैत्रीण निर्मला म्हणाली, टेप अटकली का वं?
अटकली नाही. केळीचा घड भरतो तसं आहे ते.
रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही,
आणि एक दिवस झाडाला बांबूचा टेकू द्यावा लागतो.

दुसरा नुसता तडतडतो.
कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी टाकल्यासारखा,
मध्येच ठिणगी उडते, आपण मान मागे घेतो.
ताल शोधू नकोस.
सापडलाच तर मला सांगू नकोस.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलंस तर पुढचं मागायचं नाही.
आणि मे महिन्यात दुपारी तर नकोच,
सत्तेचाळीस डिग्रीत पत्रे स्वतःच वाजत असतात.

तिसरा मी पूर्ण ऐकलेला नाही. खरं सांगते.
कुणीतरी बंद पडणारी सूतगिरणी टिपलीय,
एकेक साचा थांबत जातो.
वडील अमळनेरला गिरणीत होते.
एकोणिसाव्या मिनिटाला मी हेडफोन काढते.
तू पुढचं ऐक, शेवटी काय उरतं ते सांग.

●

त्यानंतर पंधरा दिवस तू काही बोलला नाहीस.
लॉगबुकात तासातासाचं रीडिंग, खाली तुझी तिरकी सही.
मला वाटलं, गेला हा पोरगा डीजेकडे.

काल रात्री अडीचला फाईल आली.
नाव नाही. एक्केचाळीस मिनिटं.
पंखे. कॉम्प्रेसर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो.
कुठेतरी पाणी ठिबकतंय, पण वेळेवर नाही.
मग ओळखलं:
तुझे वडील राखणीला असतात ती केळी पिकवायची खोली,
आत हजारो फण्या अंधारात पिवळ्या होताहेत,
आणि त्याचा म्हणून असा काही आवाज नाही,
तोच तू टिपायला गेलास.

एकोणिसावं मिनिट आलं, गेलं.
मी हेडफोन काढले नाहीत.

छान आहे, असं लिहिलं. खोडलं.
मग विचारलं, सत्ताविसाव्या मिनिटाला खोकलं कोण?

बा हाये तो. काढून टाकू का?

हात लावू नकोस, एवढंच लिहिलं
आणि चारचं रीडिंग घ्यायला उठले.