ल्हा

उद्यमनगरात आमच्या शेडला पोटमाळा आहे, तिथं मी.
खाली अण्णांचा लेथ.
मोठा जॉब चकात लागला की
माझ्या स्क्रीनवरची अक्षरं बारीक थरथरतात.
लॅपटॉप शाहूपुरीतल्या एका हिशेबनीसाचा, तिसऱ्या हाताचा,
शून्याचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं.
किती शून्यं गेली असतील त्यावरून,
आमचं एकही नाही.

कॉलेजात सांगतात, हेच सॉफ्टवेअर वापरा, परीक्षेला हेच येतं.
रात्री मी दुसरंच उघडून बसते:
काळ्या पडद्यावर चालणारा एक छोटासा एडिटर,
कुणी कुणी मिळून केलेला, फुकट,
आणि आतलं सगळं उघडं,
बॉनेट वर केलेल्या ट्रकसारखं.
डोकं आत घाल आणि बघ.

त्यात पहिल्यांदा गावाचं नाव लिहिलं.
ओळ संपली तिथं ते झालं

कोल्
हापूर

आधी हसले. मग झोप गेली.
यंत्राच्या लेखी आपलं गाव नऊ तुकड्यांचं:
क, ओकार, ल, पाय मोडल्याची खूण, ह, काना,
प, दीर्घ उकार, र.
तोंडात चारच येतात.
को. ल्हा. पू. र.
कुठं कापायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगायला गेले.
पहिला बदल परत आला: टेस्ट कुठं आहेत?
हे मला कळायला हवं होतं.
गो-नोगो गेज लावल्याशिवाय
अण्णा साधा बुशसुद्धा टेम्पोत चढवत नाहीत.
टेस्ट लिहिल्या. तर माझ्यामुळं थाई लिपी मोडली.
ती नीट केली, तर एका ओळीच्या शेवटी
एक मोकळी जागा राहिली होती,
तीही कुणाला तरी दिसली.
रागानं लॅपटॉप मिटला. दोन दिवस उघडला नाही.
तिसऱ्या दिवशी वाटलं,
अनोळखी माणसानं आपली एक मोकळी जागा बघितली,
एवढं लक्ष देऊन मला
आजवर कोण वाचतंय?

मोंतेविदेओत ग्रासिएला नावाची बाई हे सगळं सांभाळते.
माझे रात्रीचे दोन, तिची संध्याकाळ.
तिनं विचारलं, पण हे ल आणि ह
एकच का धरायचं? मला दोन दिसतात.
मी पानभर नियम लिहिले. पुसले.
खाली अण्णा नाइटचं काम उरकत होते.
हाऊसिंगमध्ये बुश प्रेसनं बसवत होते,
मायक्रॉनचा हिशेब, हाताला लागणार नाही इतकी घट्ट फिट.
मग लिहिलं:
दोन भाग आहेत, खरं आहे.
पण एकदा प्रेस मारला की
ते फक्त कॅटलॉगात दोन राहतात.
त्यांच्यामधून करवत चालवू नका.

उत्तराला चार दिवस लागले. एकच शब्द होता.
घेतलं.

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं.
अण्णांनी कॉटनवेस्टनं बोटं पुसली.
"पैसं किती?"
पैसे नाहीत.
"बरं. वळी किती लिवल्यास?"
सतरा.
"आणि दिवस?"
एकवीस.
ते थोडा वेळ गप्प. मग,
"हां. मग बरोबर हाय.
फिनिशिंगला तेवढं जातंयच."
आणि लेथ सुरू केला.
वर माझी अक्षरं थरथरली.

सबमिशन राहिलंय, सर रागावलेत,
आणि आता दर्‍या लिहिताना
डोळ्यातला र भलतीकडंच जातो हे मला दिसायला लागलंय.
कुठून ही सवय लावून घेतली.

काल नेपाळहून, ललितपूरहून, कुणा पासाङ्ग तुलाधरचे
दोन ओळींचे आभार आले.
आजोबांची व्यापाराची जुनी पत्रं तो उतरवून काढतोय.
म्हणतो, आमचं ल्हासा
ओळीच्या टोकाला रोज तुटायचं.
आता तुटत नाही.

मी खाली वाकून बघितलं.
अण्णा चकात नवा जॉब बांधत होते.
हाक मारणार होते, पण आवाज फार होता.