हातचा

आधी यंत्राला एक खरा आवाज ऐकवावा लागतो:
अंगठ्याएवढ्या डबीतून येणारी सरळ शीळ,
एक हजार हर्ट्झ, चौऱ्याण्णव डेसिबल.
यंत्र चौऱ्याण्णव म्हणालं
की बाकीच्या जगाबद्दल ते जे सांगेल
ते खरं धरायचं.

तिबिलिसी. साबुर्तालो भाग. चौथा मजला.
जुम्बेर आजोबांच्या गॅलरीत तिकाटणं उभं केलं,
मायक्रोफोनला स्पंजची काळी टोपी घातली,
दोरीवर वाळत टांगलेली पर्सिमनची फळं
एका कडेला सारली.
(वाऱ्याने एकमेकांवर आपटली तर तेही नोंदलं जातं.)
खाली सहा लेन.
महापालिकेला त्यांनी अकरा पत्रं लिहिली होती.
बाराव्याच्या आधी मी आले.

"पंधरा मिनिटं बोलायचं नाही," मी म्हटलं.
"अहो, तक्रार तीच तर आहे.
पंधरा वर्षं या गॅलरीत कुणाला बोलता आलेलं नाही."

मोजायची फक्त वाहनं.
टायर, इंजिन, हॉर्न, चढावर दम लागलेला ट्रक.
बाकीचं घड्याळ बघून वहीत लिहायचं
आणि ऑफिसात बसून कापायचं.
दोन बावीस: कुत्रा.
दोन चोवीस: तिसऱ्या मजल्यावरची लामारा,
अंगणात ओरडते, गिगा, वर ये, जेवण थंड होतंय.
दोन चोवीस, दहा सेकंदांनी: गिगा, नाही.
दोन सत्तावीस: कपात चमचा. (चूक माझी. साखर मीच ढवळली.)
सात वर्षांत मी या शहरातून
किती हाका कापून काढल्या असतील,
त्याची वही कुणी ठेवत नाही.

आजोबा स्टुलावर, हात गुडघ्यांवर, शाळकरी पोरासारखे गप्प.
पण सिग्नलला बस थांबली की त्यांचा उजवा पाय
फरशीवर हळूच दाबला जायचा.
मागाहून सांगितलं:
एकोणतीस वर्षं याच रस्त्यावर ट्रॉलीबस चालवली.
"तिला आवाजच नव्हता, पोरी.
लोक शिव्या द्यायचे, आलास ते कळलं नाही म्हणून.
मग एके दिवशी तारा उतरवल्या, तांबं किलोवर विकलं.
आता आलेलं सगळ्यांना कळतं."

रात्रभर यंत्र तिथेच सोडलं. सकाळी आकडे वाचून दाखवले.
दिवसाचे एकाहत्तर. रात्रीचे सहासष्ट,
पण रात्रीच्यात आम्ही दहा वाढवून धरतो.
"ते का?"
लोक झोपलेले असतात म्हणून.
"मी तर जागा असतो."
तरी धरतो.
"मग माझं जागरण कुठल्या रकान्यात?"
मी रकाने पाहिल्यासारखं केलं.

त्यांना बेरीजही समजावून सांगितली:
सत्तर डेसिबलचा एक ट्रक, शेजारी तसाच दुसरा,
मिळून त्र्याहत्तर.
हे ऐकून ते भलतेच चिडले.
"असा हिशेब मी डेपोत दिला असता
तर पगार कापला असता माझा!"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
दोन एकतीसला, बोलायचं नाही हे पाळता पाळता,
ते गुणगुणत होते. गाणं नव्हे. एकच सूर,
नाकातून, थांब्यावरून निघताना चढत जाणारा,
आणि उतारावर तसाच सावकाश सुटणारा.
तारेखालची मोटर असावी.
पडद्यावर खालच्या बाजूला बारीक रेघ उठली,
बेचाळीसच्या आसपास,
ट्रकांच्या पोटाखालून मांजर जावं तशी.

नियमाप्रमाणे ती कापायला हवी होती.
वाहन नव्हतं ते.
पेन्सिल हातात घेतली, वहीत दोन एकतीस लिहिलं,
पुढे काय लिहावं ते सुचेना, कोरंच ठेवलं.

तसाही अहवालाला धक्का नाही.
एकाहत्तरात बेचाळीस मिळवले तरी एकाहत्तरच होतात,
हातचा काही राहत नाही.

निघताना त्यांनी पर्सिमनची चार फळं दिली,
धुळीने जरा काळवंडलेली.
"धुऊन खा," म्हणाले,
की "धुतलेली आहेत" म्हणाले;
खालून टँकर जात होता.