पन्नास वॅट

वाढदिवसाची परतभेट म्हणून आला तो,
झाकणाला चार भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात.
शेजारच्या ओवीने पाच वर्षं पूर्ण झाल्याबद्दल
सगळ्यांना एकेक जीव वाटला होता.
मला निळा मिळाला.

रात्रभर ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी.
सकाळी पाणी बदललं, सगळंच्या सगळं,
थेट नळाचं, गार, क्लोरीनच्या वासाचं.
माणसांना चालतं म्हणजे त्याला चालेल.
चिमूटभर दाणे. मग आणखी चिमूटभर,
कारण तो बघत होता.
तिसऱ्या दिवशी पर मिटून तळाशी.

तेवीस वर्षं मी कंपूतल्या पॅथॉलॉजीत
लोकांचं रक्त तपासते. साखर, युरिया, क्रिएटिनिन.
पाणी तपासायचं सुचलं नव्हतं.
फालका बाजारात इरशाद म्हणाला,
‘दीदी, मछली मत पालो. पानी पालो.’
थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं,
गर्द हिरवं झालं.
असे आकडे मी पाकिटात घालून
नातेवाइकांच्या हाती देते, वर न बघता.

मग वीस लिटरची टाकी.
पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून,
वरून औषधाचे दोन थेंब.
रविवारी चौथा हिस्सा बदलायचा, जास्त नाही.
सगळं एकदम नवं कुणालाच सोसत नाही.
सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन.
आठवड्यात एक दिवस उपास हवाच. सोमवार दिला त्याला,
आमच्या घराचाही सोमवारच.
इस्पितळाच्या आवारातलं देशी बदामाचं लाल पान
वाळवून पाण्यात सोडलं. पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसतं,
ती घाण नव्हे.
वर चार बोटं हवा मोकळी, तो वर येऊन श्वास घेतो.
त्यावर जाळी, कारण उडी मारतो.
आरसा दाखवायचा तर मिनिटभर.
स्वतःवरच फुलारून दमतो वेडा.

एकटाच ठेवायचा.
दुसरा नर घातला, तर एक संपेपर्यंत थांबत नाहीत.

खालच्या मजल्यावर माझा भाऊ राहतो.
गच्ची कुणाची, यावरून तीन वर्षं.

जानेवारीत ग्वाल्हेर हाडात शिरतं.
बाहेर चार, खोलीत अकरा,
टाकीत हीटरच्या जोरावर सव्वीस.
रात्री एकला लाइट गेली.
दोनला पंचवीस. टाकीला शाल गुंडाळली,
काचेला शेकायची रबरी पिशवी टेकवली.
साडेतीनला बावीस.
तो पानाखाली आडवा.
खाली श्रीरंगच्या खिडकीत उजेड होता, इन्व्हर्टरचा.

दार त्यानेच उघडलं, माकडटोपीत.
माझ्या हातात थर्मामीटर.
‘कुणाला ताप?’
‘उलटं. मासा आहे.’
बराच वेळ काही नाही.
मग, ‘किती वॅटचा?’
‘पन्नास.’
‘पंखे तर बंदच आहेत. चालेल.’

सतरा पायऱ्या वायर वर आली.
वेटोळं त्याच्या हातात, टोक माझ्या.
मग खुर्ची ओढून बसला टाकीसमोर,
न विचारता, बाबांच्या खुर्चीत.
पाचला तेवीस. सातला पंचवीस.
आधी एक पर सुटला, मग दुसरा,
मग तो वर आला आणि हवेचा एक घोट घेऊन गेला.
‘दाणे घालू का?’ श्रीरंगने विचारलं.
‘नको. सोमवार.’
‘अरे हो. माझाही.’
तेव्हा चहाच टाकला, दोन कप.

लाइट नऊला आली.
वायर अजून जिन्यात आहे.
वहिनी दोनदा अडखळली, काय बोलायचं ते बोलली,
गुंडाळली कुणीच नाही.
गच्चीचं काही ठरलेलं नाही.

इरशाद म्हणतो, मे महिन्यात उलटी पंचाईत.
पारा पंचेचाळीसला गेला की पाणी उकळायलाच लागतं म्हणा,
तेव्हा बाटलीत बर्फ करून
टाकीत तरंगत ठेवायचा.

माझा फ्रीज लहान आहे.
मोठा खाली आहे.