एक जून

केक साडेदहाला आला, औराद रोडच्या बेकरीतून,
मोटारसायकलवर, बापाच्या मांडीत.
खोक्याच्या एका कोपऱ्याला गुलाबी चिकटलेलं.
"गतिरोधक आला मधी," मन्मथ बिरादार म्हणाला.
म्हटलं असू द्या,
फोडायलाच आणलाय की.

मागं पडदा, आभाळी, सोलापूरहून आणलेला.
त्यावर ढग, आणि एक भलामोठा उडता फुगा,
ज्याच्या टोपलीत बसून निलंग्याचं कुणी
अजून कुठं गेलेलं नाही.
खाली प्लास्टिकची चादर, बाजूला पाण्याची बादली,
कॅमेऱ्याच्या नाकाला बांधलेला खुळखुळा.

साचीला बसवलं.
झालरीची चड्डी, कागदी मुकुट,
दोन दात खाली, वर एक निघू की नको करणारा.
तिनं केककडं बघितलंही नाही.
खालच्या पुठ्ठ्याची चंदेरी कड
नखानं सोलत बसली,
लसूण निवडावा तशी, मन लावून.

"हाण की गं! मार!" बाप.
"हात घाल, बाई, घाल हात," आई,
जिनं आल्याआल्या मला सांगितलं होतं
की ताटात खेळलं म्हणून
तिला पाठीत किती बसायचे.
पासपोर्टवाल्या स्टुलावरून आजी म्हणाल्या,
"लेकरू भिऊलालंय. कशाला बळंच?"

मी वेळ काढायला विचारलं, नेहमीच विचारतो,
आल्बमवर घालायला जन्मवेळ सांगा.
"अकरा जानेवारी, पहाटे चार बावन्न,"
दोघं एकदम.
"दोन किलो आठशे," आजी.
आणि तुमची? सहज म्हणून.
"एक जून," मन्मथ म्हणाला, आणि आधी तोच हसला.
बायकोची एक जून.
सासऱ्याची एक जून.
माझीही एक जूनच, म्हटलं,
आणि आमच्या वर्गातल्या बेचाळीस जणांची.
गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात ने, कान धर.
धरला कान, की झाला जन्म.

"हे भूकंपाच्या सालचं," आजींनी लेकाकडं बोट केलं,
"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
दीड महिन्याचं होतं, तर जमीन हालली.
मग थंडी लागेस्तोवर बाहेरच झोपलो सगळे,
ह्याला परातीत घालून."
परातीत? मन्मथला हे नवीन होतं.
"मग कशात? पाळणा घरात होता.
आणि घरात कोण जातंय?"

आणि तुमचं, आजी?
"माझं कुठलं आलंय.
बहात्तरला, खडीच्या कामावर.
माय म्हणायची, त्या दिवशी सुकडी वाटायला आलते,
आणि तिचा नंबर गेला माझ्यापायी."

पच्च.

आम्ही चौघांनी वळून बघितलं.
पुठ्ठा निम्मा सोलून झाला होता,
केक घसरला होता,
आणि साची त्याच्यावर बसली होती,
सबंध, झालरीसकट,
ओट्यावर बसल्यासारखी.
मुकुट एका कानावर. हातात चंदेरी पट्टी.
क्षण गेला. माझं बोट बटणावर नव्हतंच.

नंतरचे एकशे चौदा काढले.
बापाच्या मिशीला क्रीम, ते बरं आलंय.
आईनं न बसलेला अर्धा केक
चमच्यानं डब्यात भरला, कुणी बघत नाही बघून,
तेही आलंय.
तुमचा एक काढू का, आजींना म्हटलं.
"माझा कशाला," म्हणाल्या,
आणि पदर नीट केला.
लेकरू मांडीवर देऊ लागलो तर नको म्हणाल्या,
लुगडं नवं हाय.
मग घेतलंच.

संध्याकाळी पडदा धुतला.
फुग्याच्या डाव्या अंगाला एक डाग राहिला,
तळहाताएवढा, पांढुरका, साबणानं न हलणारा.
शुक्रवारी हलगऱ्याचं एक लेकरू यायचंय.
राहू दे म्हटलं.
ढगात ढग.