रकाना सातवा

पंचायत समितीकडून कागद आला.
रकाना सातवा : गावाचा इतिहास, थोडक्यात.
खाली आखलेल्या तीन ओळी,
तिसरी झेरॉक्समध्ये अर्धीच उमटलेली.
सरपंचबाई म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही आता रिकामेच,
लिहून टाका.

पिशवीत वही, पेन, बीपीच्या गोळ्या.
आधी गेलो मारुतीमागच्या दगडाकडे.
दगडात एक माणूस, हातात तलवार,
वरच्या चौकटीत दोघीजणी त्याला स्वर्गात नेताहेत.
कुणाची गुरं सोडवताना मेला, ठाऊक नाही.
चार पिढ्यांनी त्याच्यावर वाकळा धुतल्या.
तलवार टिकली.
नाक गेलं.

मग चावडी. म्हणजे चावडीची जागा.
त्र्याण्णवला पहाटे जमीन हलली,
आमच्यात मेलं कुणीच नाही.
(किल्लारीकडचे पाव्हणे आले की हे आम्ही बोलत नाही.)
भिंत तेवढी पडली, आणि देवळीतून निघाली
निजामाच्या अमदानीतली उर्दू वही,
कसरीनं कोपरे खाल्लेली.

ती वाचणारा गावात आता एकच,
चाँदपाशा आतार, वय सत्त्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू.
उन्हाला धरून वाचू लागले :
घरं एकसष्ट. मोटा सात.
चिंचा एकोणीस. बारव मोडकी.
मग थांबले, हसले.
"मास्तर, डाल का दाल हुआ, दाल का रे."

आमचं गाव डोहणी.
नदीला डोह होता, हत्ती बुडेल एवढा, त्याच्यावरून.
कुण्या मुन्शीनं घाईत ड वरची खूण गाळली,
पुढच्याला उरलेलं अक्षर र दिसलं,
त्याच्या पुढच्यानं ते मोडीत उतरवलं,
आणि आम्ही झालो रोहणी.
एसटीच्या पाटीवर रोहणी, रेशनकार्डावर रोहणी,
माझ्या पेन्शनीच्या पुस्तकात रोहणी.
बांधावरून हाक मारताना मात्र
अजून डोहणीच.

अठ्ठेचाळीसचं विचारलं.
चाँदपाशांनी वही मिटली.
चहा आला, गार झाला.

सोजरबाईच्या सुनेनं सांगितलं मग,
गोठ्यात, शेण भरता भरता :
ॲक्शनच्या दिवसांत ह्यांचे वडील
आमच्या पेवात होते, सतरा दिवस.
पेवात वाफ कोंडते, माणूस जातो,
म्हणून सासू दळणाच्या निमित्तानं
दिवसातून चारदा झाकण काढायची.
एवढं दळण कुणी खाल्लं, कुणी इचारलं नाही.
आदल्या साली त्यांच्याच चुलत्यानं
आमची कडब्याची गंजी पेटवली होती.
मग लपवलं कशाला?
"गंजी चुलत्यानं पेटवली. ह्यांनी न्हाई."
पाटी डोक्यावर घेऊन म्हणाली,
"लिहू नका पण.
लोक पुन्हा हिशेब काढत बसतील."

बहात्तरचं कुणाला विचारायची गरज नव्हती.
पाझर तलावाच्या कामावर मी होतो,
वय आठ, हजेरीपटावर चौदा.
सरकारी कागदावरचं माझं पहिलं नाव,
तेही खोट्यासकट.
आईनं खणलं, मी पाट्या वाहिल्या,
सगळं गाव ओळीनं उभं, वरच्या अंगाला बांध चढत गेला.
तलाव झाला.
वरचं पाणी वर थांबलं
आणि खालचा डोह दोन उन्हाळ्यांत गाळ झाला,
तिसऱ्यात क्रिकेटचं मैदान.
कुणी ओरडलं नाही.
सुकडी फार गोड लागायची.

रात्री तीन ओळी लिहिल्या,
तिसरी अर्धी होती म्हणून लहान :

मूळ नाव डोहणी.
डोह गावानेच आटवला, पोटासाठी.
एक वीरगळ आहे.

सेतू केंद्रातला ओंकार टाइप करत गेला.
म्हणाला, गुरुजी, इतिहास बसतोय,
नाव बसत नाही.
नाव यादीतनंच निवडावं लागतंय.
त्यानं र पाशी बाण नेऊन ठेवला
आणि माझ्याकडं पाहिलं.
मागं पीकविम्याची रांग, लाइट जायची वेळ.
म्हटलं,
दाब.